डाव्या हातातला चमचा

सम्मेद रामगोंडा पाटील याला माणूस उचलता येतो.

हसू नका. आमच्या गावात पैलवान आहेत, पोती उचलणारे आहेत, चिखलात रुतलेली ट्रॉली खांदा लावून बाहेर काढणारेही आहेत. पण खाटेवरचं म्हातारं माणूस खुर्चीत बसवायची वेळ आली की ही सगळी मंडळी त्याला उसाच्या मोळीसारखं धरतात. एकजण पाय ओढतो, दुसरा काखेत हात घालतो, तिसरा 'हळू, हळू' म्हणून ओरडतो आणि चौथ्याला नेमका त्याच वेळी फोन येतो. सम्मेद एकटा येतो. दारात चप्पल काढतो, खाटेच्या कडेला एक गुडघा टेकतो, म्हाताऱ्याचा हात स्वतःच्या मानेभोवती घेतो, कानाशी 'चला' म्हणतो आणि म्हातारं खुर्चीत. माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा महिनाभर तो दोन वेळा येत होता. वडील म्हणायचे, "ह्या पोराच्या हातात गेलो की मला वजनच ऱ्हात न्हाई गड्या."

ही विद्या त्याने कुठल्या कॉलेजात घेतली नाही. पंचविसाव्या वर्षी, द्राक्षाची छाटणी ऐन रंगात आलेली असताना, त्याच्या वडिलांना, म्हणजे रामगोंडा अण्णांना, बागेतच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. थोरला भाऊ पारस म्हणाला, "बाग मी बघतो, अण्णांना तू बघ." पुढं नऊ वर्षं सम्मेदने अण्णांना बघितलं. अंघोळ, दाढी, कूस बदलणं, पाठीला पावडर, संडासचं भांडं, सगळं. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून संध्याकाळी तो जिथं असेल तिथून निघायचा. पारसला मदत म्हणून बागेत औषध मारत असला तरी पंप टाकून निघायचा. रस्त्याने त्याची मोटारसायकल सुसाट गेली की बायका म्हणायच्या, "चला गं, दिवा लावायची येळ झाली, सम्मेद घास भरवाय निघाला." अख्ख्या गल्लीचं घड्याळ होतं ते.

लग्न राहिलं ते राहिलंच. मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा होता. सम्मेदला नोकरी होती, पण ती बापाकडं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. सम्मेद तेव्हा चौतीस वर्षांचा होता. बाग पारसच्या अंगवळणी पडलेली. तिथं सम्मेद म्हणजे जास्तीचा गडी. मग त्याने आपला सगळा मोर्चा आईकडं वळवला. सुंदराकाकूंचे गुडघे दुखायचे आणि बोटं आखडलेली, एवढाच काय तो आजार. पण सम्मेदने त्यांना असं सांभाळलं की त्यांना इकडची काडी तिकडं करायची सोय उरली नाही. पाणी हातात, चप्पल पायात, भाकरी कुस्करून ताटात. वेणीफणीसुद्धा तोच करायचा. शेजारच्या साळूबाई म्हणायच्या, "सुंदरे, पुण्य लय जोरात हाय तुजं. माझा मानसिंग फौजेतनं सुट्टीला आला की मलाच म्हणतोय, आई, पाणी आण."

आणि एक दिवस सम्मेदला सांगलीत, विश्रामबागेला, एका मोबाइलच्या दुकानावर पाटी दिसली. जपानला वृद्धांची काळजी घेणारी माणसं पाहिजेत. भाषेचे दोन पेपर, कामाचा एक. तिन्ही पास झाले, तिकडच्या वृद्धाश्रमाने मुलाखतीत निवडलं, की व्हिसा.

तो तडक माझ्याकडं आला. मी त्याला आठवी-नववीला शिकवलेलं, म्हणून हा मान.

"सर, मला दुसरं काय येतंय? बाग पारसची, शाळा बारावी नापास. जगात येक काम मला येतं, आन् त्याच कामाची तिकडं परीक्षा हाय. भाषेचं बघू. कामाचा पेपर तर आपला घरचाच हाय की!"

मीही मान डोलावली. पोहणाऱ्याला विहिरीचा कसला धाक, असं काहीतरी बोललोही असेन. शिक्षकाने असं बोलू नये, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

झालं भलतंच. ज्या भाषेला सगळे घाबरतात, ती सम्मेदला पहिल्या फेरीत आली. त्याचं कारण आमच्या गावची पाठशाळा. सातव्या वर्षापासून तिथं त्याने अशी स्तोत्रं पाठ केली होती की ज्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता आणि शिकवणाऱ्या पंडितजींनाही घाई नव्हती. 'आधी तोंडात बसू दे, अर्थ मागनं येतोय,' ही तिथली रीत. सम्मेदने जपानी भाषा तशीच तोंडात बसवली. पहाटे गोठ्यात धारा काढताना म्हणायचा. साळूबाईंची तक्रार अशी की म्हशीला जपानी नमस्कार केल्याशिवाय ती आता पान्हवत नाही आणि सम्मेद सांगलीला गेला की त्या घरात चहा कोराच होतो. भाषेचे दोन्ही पेपर पास. पेढे वाटले.

आणि मग कामाच्या पेपरात, घरच्या पेपरात, सम्मेद नापास झाला.

ही परीक्षा पुण्याला संगणकावर होते. शेवटचं बटण दाबलं की निकाल तिथंच, तोंडावर. त्याला वाटलं, यंत्राची चूक असणार. नापास झालेल्याला पंचेचाळीस दिवस परत बसता येत नाही. ते दिवस त्याने दाढी वाढवून काढले आणि परत बसला. परत नापास. या वेळी मार्क आधीपेक्षा दोन कमी.

त्याच वर्गातली आटपाडीची शिवांजली, वय वर्षं एकवीस, पहिल्या झटक्यात पास झाली होती. तिने सम्मेदला डब्यातली चटणी देताना सांगितलं, "दादा, राग मानू नगा, पर माझ्या घरात म्हातारं माणूसच न्हाई. आजा-आजी मी जन्मायच्या आधीच गेल्याली. मॅडमनी सांगितलं ते लिवलं. तुमास्नी लय येतंय, म्हणून तुमी नापास होताय."

"आगं, नऊ वर्सं केलंय मी!"

"त्येच म्हणते की."

क्लासच्या कीर्ती मॅडम सांगलीच्याच, पण दोन वर्षं जपानात राहून आलेल्या. बोलणं मऊ, नजर कडक. त्यांनी सम्मेदला समोर बसवून सरावाचे चाळीस प्रश्न सोडवायला लावले, तपासले आणि कागद त्याच्याकडं फिरवला.

"पाटील, एकोणीस चुका आहेत. आणि खरं सांगू का, चूक एकच आहे. हा बघा. सुझुकी आजींना झग्याची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागतात. तुम्ही काय कराल? तुम्ही लिहिलंय, बटणं लावून देईन."

"मग?"

"थांबायचं. त्यांना लावू द्यायची."

"पंधरा मिंटं?"

"पंधरा मिनिटं."

"मॅडम, म्हातारीची बोटं थरथरत्यात. मी शेजारी उभा, माजं दोन्ही हात धड. आन् मी नुसतं बघत ऱ्हायचं? असल्या माणसाला आमच्या गावात काय म्हणत्यात ठावं हाय का?"

"काय म्हणतात?"

"ते तुमच्यासमोर न्हाई सांगता येणार."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "पाटील, हळू चालणाऱ्या आजोबांना तुम्ही उचलून नेलंत. अंघोळ नको म्हणणाऱ्या आजींना तुम्ही समजूत घालून न्हाऊ घातलंत. चाळीस प्रश्नांत तुम्ही एकाही म्हाताऱ्याला, 'तुम्हाला काय पाहिजे,' असं विचारलेलं नाही. जे माणसाला स्वतःला येतं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. सगळा पेपर एवढाच आहे."

"बापाला काय विचारायचं असतंय व्हय मॅडम? इचारलं तर 'नगं' म्हणणार. पोराला तरास नगं म्हणून नगंच म्हणणार. न इचारता करायचं, तीच तर सेवा."

आता सांगा, यात खोटं काय होतं? आपल्याकडं पाहुण्याला 'जेवणार का' असं कुणी विचारलं तर तो तिथून उपाशी जातो आणि वर आयुष्यभर नाव ठेवतो. आपण विचारत नाही, आपण वाढतो. सम्मेद त्याच मातीतला. त्याच्या पेपरावर लाल रेघ मारणारा माणूस हजारो मैलांवर बसला होता आणि त्याचंही बरोबर होतं. दोन बरोबरांच्या मधे सापडलेल्या माणसाला कुठली गाइड वाचायला सांगणार?

मॅडमनी मग प्रात्यक्षिक घेतलं. शिवांजली झाली तनाका आजोबा, उजवी बाजू लुळी. तिच्या पुढ्यात वाटीभर भडंग आणि डाव्या हातात चमचा. सम्मेदने फक्त शेजारी बसायचं.

"डाव्या हातानं?" सम्मेद दचकला. "मॅडम, डाव्या हातानं जेवायचं?"

"उजवा चालत नाही त्यांचा."

"म्हणून तर मी हाय की!"

"बसा. हातांचा भरवसा नसेल तर मांडीखाली घाला."

सम्मेदने दोन्ही तळहात मांडीखाली घातले. शिवांजलीला अभिनयाचं अंग होतं. ती चमचा उचलायची, तोंडापर्यंत थरथरत न्यायची आणि नेमका हनुवटीशी सांडायची. दोन मिनिटांत सतरंजीवर भडंगाचा सडा पडला. सम्मेदच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या मिनिटाला तो उठला, चमचा तिच्या हातातनं काढून घेतला आणि "आ करा आजोबा" म्हणाला. शिवांजलीने सवयीने आ केला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी त्याला बाहेर नेऊन शांतपणे सांगितलं. "पाटील, ओसाकाजवळच्या एका वृद्धाश्रमाची मुलाखत ठरलीय. त्यांना एक थोराड, समजूतदार पुरुष हवाय, मी तुमचं नाव दिलंय. त्याआधी एकदाच परीक्षेला बसता येईल. यात नाही झालं तर नाव कमी होईल. तुमचं वय छत्तीस. पुढची यादी विशी-बाविशीच्या पोरांची निघणार, हे मी खोटं कशाला सांगू? घरी जा. आईवर सराव करा. काही करू नका, म्हणजे सराव होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराकाकू बस्तीला, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, निघाल्या. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी रोजच्यासारखा पाय पुढं केला. सम्मेद चार पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागं. पाय हवेत. कुणीच हलेना.

"काय रं?"

"तू घाल."

"काय घालू?"

"चप्पल. मी बगतो."

कट्ट्यावर साळूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. "सम्मेद, हात मोडलं व्हय रं?"

"न्हाई काकू. परीक्षा हाय."

"कुणाची? आईची?"

सुंदराकाकूंनी भिंत धरून, अंगठा चुकवत, दोनदा चप्पल उलटी करून, सहा मिनिटांत ती पायात घातली. साळूबाईंनी ती सहा मिनिटं मोजली आणि दुपारपर्यंत गल्लीत वाटून टाकली. संध्याकाळी पारसची बायको माझ्याकडं येऊन सांगून गेली, "सर, भाऊजींना काईतरी सांगा. लोक म्हणत्यात, जपानचं वारं लागलं आन् आईला वाऱ्यावर सोडली."

पण खुद्द सुंदराकाकूंना त्या सहा मिनिटांची गोडी लागली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची वेणी घातली. वाकडीच, पण स्वतःची. आठवड्याने विळीवर गवारी चिरायला बसल्या. बस्तीला एकट्या जाऊन आल्या आणि येताना दोन घरं जास्तीची करून आल्या, कारण आता मोटारसायकलवर न्यायला कुणी यायचं नव्हतं. सम्मेद बिचारा मागं दहा पावलांवर, हात पाठीशी बांधून, कैद्यासारखा चालायचा. त्याचं वजन चार किलो उतरलं. काम करून थकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, काम न करून थकलेला हा एकच.

परीक्षेला आठ दिवस राहिले असतील. संध्याकाळची वेळ, दिवस मावळायच्या आतलं जेवण. सुंदराकाकूंच्या ताटात भाकरी, न कुस्करलेली. आखडलेल्या बोटांनी त्या तुकडा मोडत होत्या, तो निसटत होता, परत धरत होत्या. सम्मेद समोर हात मांडीखाली घालून बसलेला. काकू त्याच्याकडं बघून हसल्या आणि अगदी सहज, मीठ मागावं तसं, बोलून गेल्या.

"असा बसला असतास तर अण्णांची बी सोय झाली असती रं."

"कसली सोय?"

"चमच्याची."

सम्मेदला काही कळेना. काकूंना वाटलं, याला एव्हाना ठाऊक असेल. मग त्यांनी सांगितलं. दुपारी सम्मेद बागेत गेला की अण्णा म्हणायचे, "दे गं." मग त्या उशाखालचा चमचा काढून त्यांच्या डाव्या हातात द्यायच्या. आमटीभात असायचा, कधी नुसतं ताक-कण्या. अण्णा डाव्या हाताने जेवायचे. सांडायचं लय. पण वाटीभर खाल्लं की असे खूश व्हायचे, जसं काही अख्खी बाग छाटून आलेत. संध्याकाळी कोपऱ्यावर मोटारसायकल वाजली की चमचा परत उशाखाली. मग सम्मेद धापा टाकत यायचा, हात धुवायचा, घास करायचा आणि अण्णा आ करायचे.

"मला का न्हाई सांगितलं?"

"ते म्हणायचं, नगं. पोरगं येवढं पळत येतंय माझ्यासाठी. त्येला काय वाटंल? आन् डाव्या हातानं जेवतोय म्हटल्यावर तू रागं भरशील, ही बी भीती."

"किती दिस?"

"दिस कुठलं रं. सात-आठ वर्सं."

सम्मेदने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा त्याच्या डोक्यात चमच्यापेक्षा चादर होती. अण्णांच्या चादरीला डाव्या बाजूला नेहमी आमटीचे पिवळे डाग असायचे. सम्मेद त्यावरून आईला बोलायचा. 'आई, दुपारचं नीट भरवत जा की. सांडतीस किती!' आणि आई म्हणायची, 'चुकलं रं.' आठ वर्षं ती चुकलं म्हणत होती. अण्णा शेजारी पडून ऐकत होते. "सर," तो म्हणाला, "येकदा तर मी तिच्या हातनं वाटी हिसकावून घेतली होती."

मी म्हणालो, "तुझ्या मनात वाईट नव्हतं." हे वाक्य जगातल्या सगळ्या शिक्षकांनी सगळ्या मुलांना सांगून झालंय आणि त्याने आजवर कुणालाही गुण आला नाही. तो म्हणाला, "ह्या वक्ताला मी पास हुतोय सर. मला आता पेपर कळला." आणि हे तो अशा आवाजात म्हणाला की मला नापास शब्द त्यापेक्षा बरा वाटला.

तिसऱ्यांदा परीक्षेला तो एसटीने पुण्याला गेला. संगणकासमोर बसला. पहिले प्रश्न सरळ गेले. बटणं, थांबायचं. काठी घेऊन चालणारे आजोबा, लुळ्या बाजूने जरा मागं राहून चालायचं. अंघोळ नको, तर का नको ते विचारायचं. आणि मग एकतिसाव्या प्रश्नाला ते म्हातारबाबा आले. उजवी बाजू लुळी, डाव्या हाताने जेवतात, सांडतं. काळजी घेणाऱ्याने काय करावं? चार उत्तरं. पहिलं, भरवावं. तिसरं, जाड दांडीचा चमचा द्यावा आणि शेजारी बसावं.

उत्तर येत नसलं की माणूस अडतो, हे मी चौतीस वर्षं वर्गात पाहिलं. उत्तर येतंय म्हणून अडलेला सम्मेद पहिलाच. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पळत होता. तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवायचं म्हणजे नऊ वर्षांच्या प्रत्येक संध्याकाळवर स्वतःच्या हाताने फुली मारायची. पहिलं निवडलं तर अण्णांना परत आ करायला लावायचं. त्याने कुणाची तरी परवानगी घ्यावी तसं इकडंतिकडं पाहिलं. तेवढ्यात तिथल्या देखरेख करणाऱ्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "सर, काही त्रास होतोय का? हात दुखतोय?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उजवा हात सवयीने मांडीखाली गेलाय आणि आपण मघापासून सगळा पेपर डाव्या हाताने सोडवतोय. "न्हाई मॅडम," तो म्हणाला, "चालतंय ह्याच हातानं." आणि तिसरं उत्तर दाबलं.

पास.

पुढचं सगळं भराभर झालं. ऑनलाइन मुलाखतीत त्याला विचारलं, या कामाकडं का वळलात? त्याचं घोकलेलं वाक्य तयार होतं, वडिलांची नऊ वर्षं काळजी घेतली. ते तो जपानीत अगदी स्वच्छ बोलला, फक्त 'काळजी' या शब्दापाशी क्षणभर थांबला. समोरच्या दोघांनी माना लववल्या. मॅडमनी नंतर विचारलं, "मधेच थांबलात का? वाक्य विसरलात?" "न्हाई," म्हणाला, "वाक्य आठवलं."

निवड झाली. चौकात फ्लेक्स लागला. सम्मेदचा कोट घातलेला फोटो, कोट फोटोवाल्याचा, मागं गुलाबी फुलांचं झाड आणि खाली ठळक अक्षरांत, 'पितृसेवेचे फळ'. त्या फ्लेक्सखालून जाताना सम्मेद मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, पोरगं विनयशील आहे. ज्याला त्याला तेच बोलायचं होतं. बाप असा सांभाळला, म्हणून देवानं वर काढलं. एकदा न राहवून तो साळूबाईंना म्हणाला, "काकू, मी जे केलं ना, ते त्या पेपरात चूक धरत्यात."

साळूबाई फणकारल्या. "धरंनात का! जपानच्या लोकांना काय कळतंय? तू जाऊन शिकीव त्यास्नी."

गावाने मोठ्या कौतुकाने त्याच्या गळ्यात हार घातला होता आणि तो काढायची गाठ मागल्या बाजूला होती.

जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. दिवस कलला होता. बॅग बाहेरच्या सोप्यात बांधून ठेवलेली, वर काकूंनी शुभ म्हणून लावलेलं कुंकवाचं बोट. काकू ताट घेऊन बसलेल्या, सम्मेद समोर. मला त्यांनी उठूनच पाट दिला. सहा महिन्यांपूर्वी त्या पाणीसुद्धा मागून घ्यायच्या. मी कौतुकाने तसं म्हणालोही. "काकू, तुम्ही तर आता कुणाच्या भरवशावर नाही."

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, पण तोंडाशी नेला नाही. सम्मेदकडं बघत राहिल्या.

"सम्मेद, येक इचारू? राग न्हाई न्हवं येणार?"

"इचार की."

"मला हे समदं शिकीवलंस, ते तुज्या परीक्षेसाठी, का तू जाणार म्हणून?"

पेपरात असतं तर चार उत्तरं असती, एक बरोबर असतं. माझ्याकडं पाहिलं त्याने, जसा नववीत पाहायचा. मी ताटाकडं पाहिलं. परीक्षेसाठी म्हणावं तर आईवर सराव केला असं होतं. जाणार म्हणून म्हणावं तर पहिल्या दिवसापासून सोडून द्यायची तयारी केली असं होतं. आणि दोन्ही खरं नव्हतं आणि दोन्ही होतंही.

तो सरकत त्यांच्या ताटाजवळ आला. मांडीखालचे हात काढले. ताटातल्या भाकरीला हात लावणार, एवढ्यात थांबला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं.

"आई, भरवू का?"

काकूंचे डोळे भरून आले, पण मान त्यांनी ठामपणे हलवली.

"नगं रं," त्या म्हणाल्या. "सवय मोडंल. मग परत तू कुठं हायस?"

सम्मेदने हात माघारी घेतले. कुठं ठेवायचे ते न सुचून परत मांडीखाली घातले. दिवस मावळायला अजून अर्धा तास होता आणि ताटात पाऊण भाकरी शिल्लक होती. काकूंनी घास तोंडाशी नेला. थोडी आमटी पदरावर सांडली. आम्ही दोघंही बघत बसलो.